वगमावरचे दोन दावे

बन्नू,
१४ एप्रिल २०१९

लाला बहरामंद,

वगमाचा सलाम. तू सुखरूप असशील, टायरचं दुकान बरं चाललं असेल, मेलबर्नला आता थंडी पडायला लागली असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात खरं किती ते पुढे वाचून तूच ठरव.

गहू यंदा बरा आहे. कालव्याला पाणी वेळेवर सुटलं. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, माझी आई, अदे, रोज जाऊन शेकून येते, आणि दोघी जावा गुडघ्यापेक्षा तुझ्याबद्दलच जास्त बोलत असाव्यात, कारण परत येते तेव्हा अदेचे डोळे लाल असतात. आजोबांना नवा चष्मा लागला. तो ते फक्त हुजऱ्यात, पुरुषांच्या बैठकीत, लावतात, घरात आले की खिशात. म्हणजे आम्ही बायका त्यांना धूसर दिसलेल्याच बऱ्या. हुजऱ्याचं छप्पर उतरवून नवं घातलं. तू बसवून दिलेलं वायफाय झकास चालतं. आता खाटांवर बसलेली माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत, चहा आला की तेवढी मान वर करतात.

माझी शाळाही चालू आहे. परवा आठवीच्या मुलींना ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढायला लावला. एकीने विचारलं, टीचर, तुमचा लाला यात कुठे राहतो? मी मेलबर्नवर बोट ठेवलं. वर्गभर पोरी ओढणी तोंडावर धरून हसल्या. का हसल्या, ते तुला मी सांगायला नको.

हे पत्र हयात गुलच्या हाती पाठवतेय. त्याची सुट्टी संपली, गुरुवारी निघतोय. तुझ्या दुकानात दोन माणसं हजर असताना तो ते तुझ्या हातात देईल आणि दिल्याचं आजोबांना फोन करून कळवेल. फोन केला असता, पण तू आमचा कोणाचाच फोन उचलत नाहीस. मेसेज केला तर पुसशील. कागद फाडलास तर निदान दोघांच्या डोळ्यांदेखत फाडावा लागेल.

आता मुद्द्यावर येते.

मार्चमधलं ते भांडण आठव. तुमच्या त्या फोरमवर, ज्याला तुम्ही कौतुकाने 'हुजरा' म्हणता आणि ज्याचा तू अॅडमिन आहेस, नेहमीचाच वाद पेटला होता: खरा पश्तून कोण? आधी पेशावरातल्या घरात पश्तो न बोलणाऱ्यांना बाहेर काढून झालं. मग हिंदुस्तानातल्या पठाणांचा नंबर लागला. मग काबूलच्या फारसी बोलणाऱ्यांचा. एकेकाला दाराबाहेर घालवायचं आणि आत उरलेल्यांनी एकमेकांची पाठ थोपटायची, असं दिवसरात्र चाललं होतं. आणि मग कंदहारकडचा तो 'अर्गंदाबी' नावाने लिहिणारा पोरगा तुझ्यावर घसरला. म्हणाला, पश्तो बोलता पोपटालाही येईल, पश्तूनांची रीत पाळतो कोण ते सांगा. अॅडमिन साहेब गोऱ्यांच्या गाड्यांची चाकं बदलतात, यांची पोरं उद्या इंग्रजीत रडतील, आणि हे आम्हाला पश्तून असल्याचे दाखले वाटणार!

झोंबलं तुला. झोंबणारच, मलाही झोंबलं असतं. पण मी त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि जेवायला बसले असते. तू काय लिहिलंस? शब्द न् शब्द पाठ आहे मला. 'मी किती पश्तून आहे बघायचंय? मग सगळ्यांच्या साक्षीने ऐका. माझ्या काकाच्या मुलीवर, मलिक सरवर खानाच्या नातीवर, मी आज घग करतो. यापुढे कोणी तिला मागणी घालून दाखवावीच.'

वा रे पठ्ठ्या. पूर्वी घग करणाऱ्याला निदान उन्हातून चालत यावं लागायचं. मुलीच्या दारात उभं राहून हवेत गोळी झाडायची, 'ही माझी' म्हणून ओरडायचं, की मग दुसरा कोणी तिला मागायला धजत नसे. पण तिच्या भावांनी उलट गोळी घातली तर मरायची तयारी ठेवावी लागायची. तू दुकानातल्या खुर्चीत बसून केलास. आता तर या गोष्टीला कायद्याने तुरुंग आहे. पण तुरुंग इथे आहे आणि तू तिथे.

आणि कशासाठी? माझ्यावर जीव जडला म्हणून? नाही. एका अनोळखी पोराला गप्प करायचं होतं म्हणून. हाताशी दगड नव्हता, मी होते. मी फेकली गेले.

दुपार कलायच्या आत ते आपल्या गावातल्या प्रत्येक फोनवर आलं. आपल्या स्वयंपाकघराची भिंत हुजऱ्याला लागून आहे आणि चहाचं ताट द्यायची ती खिडकी कधीच नीट लागत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे, लहानपणी तूच तिथून गूळ पळवायचास. त्या खिडकीशी उभी राहून मी सगळं ऐकलं. फोनवरून केलेला घग लागतो की नाही, यावर आपली जाणती माणसं आठवडाभर काथ्याकूट करत होती. वकील तमाश खान म्हणाले, लागो न लागो, गुन्हा आहे. मौलवी साहेब म्हणाले, दारात केला तरी हराम, फोनवर केला तरी हराम. यावर म्हातारा काकामीर म्हणाला, हराम असेल, पण गोळीचा आवाज एका मोहल्ल्यात जातो, हा तर दुबई आणि जर्मनीपर्यंत ऐकू गेला, म्हणजे हा उलट मोठा घग झाला. कोणीतरी विचारलं, मग फोनची बॅटरी संपली की घगही संपतो का? सगळे खो खो हसले. साखर संपली म्हणून मला दोनदा हाक आली. वगमाचं काय म्हणणं आहे, असं विचारणारी हाक एकदाही आली नाही. बाबा असते तर त्यांनी तरी विचारलं असतं, असं मला वाटतं. निदान वाटून घ्यायला काय जातं.

रहमदिलच्या आईचं तुला कोणी सांगितलं का? तो पाटबंधारे खात्यातला रहमदिल. ईदनंतर आमच्या साखरपुड्याची मिठाई द्यायची ठरली होती. तुला हे माहीत होतं की नव्हतं, ते तुझं तुला ठाऊक. त्याची आई आली, अदेचा हात हातात घेऊन रडली, म्हणाली, मला दोनच मुलगे आहेत बहिणी, मला वैर परवडत नाही. आणि उठली. आपल्या घरातून पाहुणी चहा न घेता गेलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

मग तुझी आई आली. लंगडत आली, माझ्या डोक्यावर नवी कोरी शाल घातली. म्हणाली, "पोरी, तोंडातून गेलेला शब्द पश्तून मागे घेत नाही. घरची मुलगी घरातच राहील, यात वाईट काय?" मी शाल घडी करून तिच्या मांडीवर ठेवली. काकीवर माझा राग नाही. तिला तिचा मुलगा खोटा पडायला नको आहे, एवढंच.

तुला एकदा सरळ सांगते, म्हणजे पुढे कोणी तुझ्या कानात भलतं भरायला नको. मला तुझ्याशी लग्न करायचं नाही. बोलायला लागल्यापासून मी तुला लाला म्हणते, थोरला भाऊ म्हणून. कालव्यात माझी चप्पल वाहून गेली तेव्हा घरापर्यंत खांद्यावर आणणारा तू. मला सायकल शिकवून मोठ्या माणसांचा मार खाणारा तू. तो लाला मला फार प्रिय होता. त्याने मला न विचारता, माझं नावसुद्धा न घेता, मला पणाला लावलं. या रागाला मी काय करू? भाकरी थापताना येतो, फळ्यावर लिहिताना येतो.

सदबर्गा आजी आठवते? आजोबांची बहीण. आपल्या तंदूरवर तिच्या हातची रोटी खाऊन तू वाढलास. ती आपल्याच घरी का राहिली, हे लहानपणी आपण कधी विचारलं नाही. तिच्यावरही घग होता. करणारा कराचीला गेला, तिकडेच त्याने संसार थाटला, आणि 'मागे घेतला' एवढे शब्द पाठवायला विसरला. ही इथे वाट बघत नव्हती, हिला कोणी वाटेला लागूच दिलं नाही. अदे सांगते, म्हातारपणी ती रोट्या लावताना पुटपुटायची की मी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. मला सदबर्गा आजी व्हायचं नाही, लाला. मी ओरडेन, भांडेन, सगळ्या गावाशी वाकडं घेईन, पण तेवढं होणार नाही.

म्हणून मग मी जे केलं ते आता लिहिते. तुझ्या कानावर एव्हाना चार तऱ्हांनी आलं असेल. माझ्या तोंडून ऐक.

गेल्या शुक्रवारी, नमाजानंतर, हुजरा भरलेला होता. कोंबडीच्या रश्श्यात रोटी कुस्करून पेंड्याच्या पराती मांडल्या होत्या. मी आतल्या खोलीत गेले आणि आजोबांच्या पेटीला हात घातला. कुलूप होतं. मागे वळून बघते तो अदे दारात उभी. ती, जी अजून दिरासमोर आवाज चढवत नाही, जी तुझ्या घगानंतर माझ्याशीसुद्धा एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं आता मारणार. तिने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, बंदूक बाहेर काढली, तिच्यात काडतूस भरलं आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "खांद्याला घट्ट लाव, नाहीतर हाड मोडेल. आणि काय बोलायचंय ते मोठ्याने बोल, माझ्यासारखं तोंडातल्या तोंडात नको."

मी छतावर गेले. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, ते बाजूला सारून हुजऱ्याच्या अंगणाकडे तोंड केलं आणि आभाळात गोळी झाडली. खांदा अजून निळा आहे. खाली पराती तशाच राहिल्या, सगळे बाहेर धावले. मी चेहरा झाकलेला होता, आवाज नाही. मी म्हणाले, "ऐका. मलिक सरवर खानाची नात, वगमा, हिच्यावर मी घग करते. मी, वगमा. ही माझी आहे. मला विचारल्याशिवाय कोणी तिला मागू नये आणि कोणी देऊ नये."

मग काकामीर म्हणाला, पोरीचं डोकं फिरलं, कोणीतरी तिला खाली उतरवा. कोणी हललं नाही. सगळे आजोबांकडे बघत होते. आजोबांचा चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

ते म्हणाले, "काकामीर, घगाला बंदूक लागते, दार लागतं, आवाज लागतो, ही रीत तुलाही ठाऊक आहे. यातलं काय कमी आहे इथे? बहरामंदचा घग मला दुसऱ्याने फोन धरून वाचून दाखवला. हा मी माझ्या कानांनी ऐकला."

काकामीर म्हणाला, पण स्वतःवर कोणी घग करतं का? आजोबा म्हणाले, "माझ्या बहिणीने करायला हवा होता. तेव्हा कोणी तिच्या हातात बंदूक दिली नाही. मीही नाही." आणि ते खाटेवर बसले. त्यांना रडताना मी पाहिलं नाही, पण वकिलांनी पुढे होऊन त्यांना पाणी दिलं.

तेव्हा आता स्थिती अशी आहे. एका मुलीवर दोन दावे आले की जिरगा, वडीलधाऱ्यांची पंचायत, बसतो, ही आपली जुनी रीत. दोन्ही दावेदारांनी स्वतः हजर राहायचं, निरोप्या चालत नाही, आणि जो येत नाही त्याचा दावा पडतो. रोजे सुरू व्हायच्या आधीचा शुक्रवार, ३ मे, हा दिवस ठरलाय. आपल्याच हुजऱ्यात. बाई जिरग्यात कशी बोलणार, यावर पुन्हा एक काथ्याकूट झाली. आजोबांनी एका वाक्यात मिटवली: दावेदार म्हणून येईल, बाई म्हणून नाही. तुला हे कळवायचं काम त्यांनी माझ्यावरच टाकलं. हे पत्र म्हणजे ते बोलावणं.

एक गोष्ट राहिली. ती लिहायची की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

तू कुर्रमवाला काकांना खासगी निरोप पाठवला होतास. तुमच्या फोरमवरचे ते बन्नूचे कुर्रमवाला काका, ज्यांना सगळे निवृत्त हेडमास्तर समजतात. तू त्यांना किती मानतोस हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा लिहिलं होतंस की यांच्यासारखी माणसं आहेत म्हणून पश्तो जिवंत आहे, भेटले तर हाताचं चुंबन घेईन. त्यांना तू लिहिलंस: 'काका, रागाच्या भरात करून बसलो. मला तिच्याशी लग्न करायचं नाही, ती मला बहिणीसारखी आहे. पण आता मागे घेतलं तर अर्गंदाबी आणि बाकीचे मला जगू देणार नाहीत. एक-दोन वर्षं जाऊ द्यावीत का? लोक विसरतील. तुम्ही गावातल्या वडीलधाऱ्यांना समजावाल का?'

तुला उत्तर आलं नाही. कारण कुर्रमवाला काका ते वाचून चुलीपाशी बसून रडत होते, लाला. काका म्हणजे मी.

तीन वर्षं झाली. पुरुषाचं नाव घेतलं कारण बाईच्या नावाने दोन वाक्यं लिहिली की तिसऱ्याला तुम्ही फोटो मागता. आजोबांनी चहाच्या त्या खिडकीतून मला जे जे ऐकू येऊ दिलं, ते मी तिथे लिहीत गेले आणि तुम्ही माना डोलावत गेलात. मला मजा यायची. तुझी शाबासकी आली की दिवसभर गुणगुणायचे. फसवलं म्हणून मी माफी मागणार नाही. माझ्या तोंडून जे पटलं नसतं ते माझ्याच तोंडून तुम्हाला पटलं, यात दोष माझ्याकडे येत नाही.

तू काकांना सल्ला विचारलास, तर काकांचा सल्ला ऐक. एक-दोन वर्षं जाऊ द्यायची, हे तू कोणाची वर्षं खर्चतोयस? तुझी तर नाहीत. तुला वाटतं दिलेला शब्द धरून बसला तो पश्तून. माझ्या बंदुकीत अदेने काडतूस भरलं तेव्हा तिने कोणाला दाखला मागितला नाही. अर्गंदाबी तुला हसेल. हसू दे ना! चार अनोळखी लोक हसतील म्हणून तू एका माणसाला जिवंत गाडणार असशील, तर तू भित्रा आहेस, आणि त्यापुढे कोणत्याही जमातीचं नाव लावलंस तरी भित्राच राहशील.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. ये, आणि ३ मेला हुजऱ्यात उभा राहून माझ्या डोळ्यांत बघून सांग की ही माझी. मी समोर असेन. काकांना वादात हरवणं तुला आजवर एकदाही जमलेलं नाही, तेवढं लक्षात ठेव. नाहीतर जिथे घग लिहिलास तिथेच, त्याच माणसांसमोर, तुझ्या नावाने लिही की मागे घेतला. गुपचूप पुसून टाकलंस तर चालणार नाही. पुसलेलं लोकांच्या फोनमध्ये राहतं, आणि मी इथे बसून राहते. यातलं काहीच केलं नाहीस तर त्या दिवशी तुझा दावा पडेल आणि 'बहरामंद आला नाही' हे सगळा गाव ऐकेल. तुझी आईसुद्धा.

रहमदिलसाठी हे सगळं चाललंय असं समजू नकोस. त्याला वाटलं तर तो आईला चहा प्यायला घेऊन येईल, नाही वाटलं तर नाही. मी माझा दावा त्याच्यासाठीही सोडणार नाही.

रागाने लिहिलं, तरी एक खरं लिहिते. मागे घेतलास तर मला माझा लाला परत मिळेल, आणि मला तो हवा आहे. नाही घेतलास तरी मी जगेन, तुझ्यावाचून जगेन, आणि मोठ्या आवाजात जगेन.

थंडीची काळजी घे. हयात गुलला जेवू घाल, तो लांबून येतोय.

३ मे रोजी हुजऱ्याच्या अंगणात, सगळ्यांच्या समोर उभी असणारी,

वगमावरची दावेदार,
वगमा